आपल्या पाण्यामागे सायकलवर

जुलै 2019 मध्ये नागपुरात एक दिवसाआड पाणी सुटायला लागलं, तेव्हा आमच्या गल्लीत तोतलाडोह हा शब्द, म्हणजे पेंच नदीवरच्या धरणाचं नाव, पहिल्यांदा रोजच्या बोलण्यात आला. तोवर पाणी म्हणजे नळ. सकाळी यायचं, टाकी भरायची, विषय संपायचा. त्या पावसाळ्यात आईने घरातले सगळे गंज, बादल्या, पिंप, इतकंच काय दिवाळीचा चिवडा कालवायची परातसुद्धा भरून ठेवली होती. दादा मोबाईलवर नकाशा उघडून बसला होता. आमचं पाणी येतं पेंच नदीतून. वापरून झालं की नाग नदीतून कन्हानला जातं, कन्हानमधून वैनगंगेला, आणि गोसीखुर्दच्या धरणात जाऊन थांबतं. त्या धरणाच्या पाण्याखाली आमचं आजोळ आहे.

ही रेघ तेव्हापासून डोक्यात होती. दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी ग्रॅव्हल बाईक घेतल्या आणि मग तिच्यावरून चाक फिरवायचंच ठरलं. ज्यांनी ही सायकल पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगते. हँडल शर्यतीच्या सायकलसारखं खाली वळलेलं, पण टायर जाड आणि गुट्ट्यांचे. माझे 45 मिलिमीटरचे आहेत. आत ट्यूब नाही, त्याऐवजी सीलंट, म्हणजे भोक बुजवणारा पांढरा द्रव, असतो. डांबरावर ती बरी पळते, पण तिचा खरा जीव मुरमाच्या रस्त्यात. आणि आपल्याकडे मुरमाचा रस्ता म्हणजे शेतांमधली पांदण आणि नहरेची, म्हणजे कालव्याची, पाळ. पेंच, कन्हान, सूर आणि वैनगंगेच्या खोऱ्यात या दोन गोष्टी इतक्या आहेत की चार-चार तास डांबराला चाक लागत नाही. चढ जवळपास नाहीच. सपाट मुलूख, लांब नजर, डोक्यावर डिसेंबरचं निळं आभाळ.

पहिला दिवस: गोरेवाडा ते नवेगाव खैरी

सकाळी सव्वासातला गोरेवाड्याहून निघालो, कारण आमच्या भागाच्या नळाचं पाणी इथूनच शुद्ध होऊन येतं. हात बधिर करणारी थंडी होती. गोधनी, मग महादुला. पेंचचं पाणी नवेगाव खैरीहून इथवर येतं आणि पुढे गोरेवाड्याला जातं. शेजारी कोराडीच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या. शहराच्या सांडपाण्यापैकी दिवसाला 13 कोटी लिटर पाणी भांडेवाडीत प्रक्रिया करून या केंद्राला द्यायचं, ही योजना इथे उभी राहिली. ती मला नागपूरच्या चांगल्या कामांपैकी एक वाटते, कारण तेवढं पेंचचं चांगलं पाणी त्यामुळे वाचतं. बाकीच्या सांडपाण्याचं काय होतं ते चौथ्या दिवशी येईलच.

खापरखेड्याच्या पुढे बिना संगम. इथे पेंच कन्हानला मिळते आणि कोलारही इथेच येते. रेतीचं रुंद पात्र, मधून पाण्याची बारीक धार. अस्थी विसर्जनाला आलेलं एक कुटुंब घाटावर बसलं होतं. त्यातल्या एका आजींनी सायकलला लावलेल्या पिशव्यांकडे बघून विचारलं, "बाई, परिक्रमेला निघाले का?" मी नाही म्हणणार होते, पण दादा म्हणाला, "हो आजी, तसंच समजा." त्यांनी लगेच दोघांच्या हातावर साखर ठेवली.

कन्हान ओलांडून पारशिवनीच्या दिशेने पहिली खरी पांदण लागली. पांदण वाचावी लागते. काळी माती वाळली की बैलगाडीच्या चाकोऱ्या दगडासारख्या कडक होतात. चाकोरीत चाक घातलं की ती नेईल तिकडे जावं लागतं, मधेच बाहेर काढू पाहिलं की सायकल आडवी. मधल्या उंचवट्यावर गवत असतं, तिथून जाणं सोपं, पण गवतात गोखरू दडलेला असतो. आम्ही टायरमधली हवा 35 पीएसआयवर आणली. त्याहून जास्त असली की मनगटं दुखतात, कमी झाली की रिमला दगड लागतो. दोन्ही बाजूंना तूर पिवळी पडायला लागलेली, कपाशीची शेवटची वेचणी चाललेली. एका धुऱ्यावर बायका न्याहारीला बसल्या होत्या. त्यांनी बोलावून भाकरी आणि वांग्याची भाजी दिली, आणि आम्ही संत्री दिली.

दुपारनंतर पेंचच्या उजव्या नहरेची पाळ लागली आणि मग पायांना काही काम उरलं नाही. मुरूम दाबून बसलेला, रस्ता सरळ, डावीकडे नहर, उजवीकडे खाली शेतं. टायरचा एकच बारीक कुरकुर आवाज. चार वाजता नवेगाव खैरीच्या धरणाशी पोचलो. समोर पाणी आणि त्यामागे पेंचच्या टेकड्यांची निळी ओळ. परवानगी होती तिथवर जाऊन कडेला बसलो, हात बुडवला. पाणी गार आणि स्वच्छ, कसलाच वास नाही. हा वास नसणं मी मुद्दाम लक्षात ठेवलं.

मुक्काम पारशिवनीत, दादाच्या मित्राकडे. 64 किलोमीटर झाले.

दुसरा दिवस: पारशिवनी ते सिल्लारी

या दिवसाचा पहिला अर्धा भाग रस्ता कापण्यात गेला. आमडी फाटा, मनसर, मग उत्तरेकडे राष्ट्रीय महामार्ग 44. मनसरला मॅंगनीजच्या खाणी आहेत आणि वाकाटकांच्या काळातल्या विटांच्या भिंतींचे अवशेषही. थांबायला हवं होतं, पण जंगलातून दुपारी चारच्या आत बाहेर पडायचं हा नियम आम्ही स्वतःला घातला होता. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात सायकल नेता येत नाही आणि नेऊही नये. आमचा रस्ता महामार्ग आणि बफरमधल्या गावांचे रस्ते एवढाच होता, तोही भरउन्हात.

मनसरच्या पुढे साग सुरू होतो. डिसेंबरात त्याची मोठाली पानं तांबूस होऊन गळायला लागतात, आणि मधूनच एखादं करूचं पांढरंशुभ्र झाड उभं असतं. त्याला भुताचं झाड म्हणतात. इथेच महामार्ग जमिनीवरून उचलला जातो. पेंचमधल्या टप्प्यात वन्यप्राण्यांना खालून जाता यावं म्हणून 9 ठिकाणी मोकळी जागा सोडली आहे, त्यातली सर्वांत लांब 750 मीटरची. वर कडेला उंच भिंती आहेत, गाड्यांचा उजेड आणि आवाज खाली जाऊ नये म्हणून. सायकलवर असलं की त्या भिंतीची लांबी अंगाने कळते. गाडीत अर्ध्या मिनिटात संपते. आम्हाला अडीच मिनिटं लागली, आणि तेवढा वेळ आपल्या पायाखालून कोणीतरी जात असेल ही जाणीव होती. वन्यजीव संस्थेच्या कॅमेऱ्यांत या पुलांखालून जाणारे वाघ टिपले गेले आहेत. चितळ, रानकुत्रे, अस्वलंसुद्धा. रस्ता रुंद करायचाच असेल तर तो असा करावा, हे माझं ठाम मत झालं. आधी वाद झाला, कोर्टकचेरी झाली, काम रखडलं, पण शेवटी जनावरांना वाट मिळाली.

पवनीला महामार्ग सोडला. ही रामटेक तालुक्यातली पवनी. पाचव्या दिवशी लागणार आहे ती वैनगंगेकाठची वेगळी. इथून सिल्लारीपर्यंतचा रस्ता या प्रवासातला सर्वांत शांत. दोघांनीही बोलणं बंद केलं. मोहाच्या झाडाखाली एक गुराखी भेटला. म्हणाला, "काल सांजेला इकडून गेला. पायाचे निशाण हायेत अजून." धुळीत पंजा होता. चार बोटं, मागची गादी रुंद, कडा अजून तीक्ष्ण. मी शेजारी माझा हात ठेवला नाही, फोटोही काढला नाही. नुसतं बघितलं आणि निघालो. साडेतीनला सिल्लारी.

रात्रीबद्दल थोडं सविस्तर लिहायचं आहे. जानेवारी 2024 मध्ये पेंचला भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी या भागातल्या गावांतले रस्त्यावरचे दिवे बदलले, उजेड फक्त खाली पडेल असे बसवले. ऐकलं तेव्हा मला हे पर्यटनाचं काहीतरी वाटलं होतं. पण साडेआठला जेवून अंगणात आलो, डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटं दिली, आणि मग वर पाहिलं. कृत्तिकांचा पुंजका नागपुरात मला नुसता धुरकट ठिपका दिसतो. इथे सात तारे मोजता आले. मृगाचे चारी पाय, त्याच्या पोटात घुसलेला बाण, मागे लकाकणारा व्याध. लहानपणी आजोळी, अंगणातल्या खाटेवर पडून, आजोबा दाखवायचे तसंच सगळं जागच्या जागी. मधल्या तीस वर्षांत तारे कुठे गेले नव्हते. मध्ये आमचा उजेड आला होता.

तिसरा दिवस: सिल्लारी ते मौदा

लांबचा टप्पा, 79 किलोमीटर. सकाळी उन्हं वर आल्यावर निघालो, आल्या रस्त्याने मनसर आणि तिथून रामटेक. गडावर चढून रामाचं दर्शन घेतलं. गडावरच्या केवल नरसिंह मंदिरात वाकाटक काळातला एक शिलालेख आहे. त्याचा संबंध राणी प्रभावतीगुप्तेच्या घराण्याशी आहे आणि त्यात सुदर्शन नावाच्या एका तलावाचा उल्लेख येतो. दीड हजार वर्षांपूर्वीही इथल्या राजघराण्याला तलाव ही दगडावर कोरून ठेवण्याजोगी गोष्ट वाटली, हे वाचून मी बराच वेळ तिथे उभी राहिले. गडावरून खाली बघितलं की त्याचं कारण दिसतं. तलावच तलाव. अंबाळा पायथ्याशी, खिंडसी लांबवर चमकतो, आणि मधे पानमळ्यांचे हिरवे चौकोन.

उतरून नगरधनला गेलो. किल्ल्याचा कोट भक्कम आहे, पण मला तिथल्या जमिनीखालचं जास्त खुणावत होतं. अलीकडच्या उत्खननात इथे प्रभावतीगुप्तेच्या नावाची मातीची मुद्रा सापडली. वाकाटकांची नंदिवर्धन ही राजधानी ती हीच, असं अभ्यासक मानतात. गावातल्या एका काकांनी सांगितलं, "आम्ही लहान होतो तवा नांगरताना मणी सापडायचे. खेळायचो त्यानं."

आणि मग डावी नहर. पेंचचा डावा कालवा रामटेक, मौद्याकडच्या धानाला पाणी देतो. कालवा हा सरकारी शब्द. इथे सगळे नहरच म्हणतात. नहरेतून निघते ती चारी, चारीतून पाटसरी, पाटसरीतून बांधी. नहरेच्या पाळीवर सायकल चालवली की ही सगळी उतरंड डोळ्यासमोर उलगडत जाते. धान कापून झालं होतं. बांध्यांमध्ये खुंटं, कडेला तणसाचे ढीग, मधेच मळणीयंत्राची घरघर आणि भुशाचा वास. रब्बीचं पाणी सुटलं होतं. पाणी आमच्या वेगानेच चाललं होतं की काय असं वाटत होतं. नवेगाव खैरीत हात बुडवला ते हेच पाणी. एक फाटा आमच्या नळाला, एक फाटा या गव्हाला. जुलै 2019 मध्ये आम्हाला एक दिवसाआड पाणी मिळालं, तेव्हा इथल्या शेतकऱ्याच्या वाट्याला काय आलं असेल, हा प्रश्न तेव्हा आमच्या गल्लीत कोणाच्याही तोंडी आला नव्हता.

मौदा आठ-दहा किलोमीटर राहिलं असताना मागच्या चाकातून सूं असा आवाज आला आणि माझ्या पिंढरीवर पांढरा फवारा. बाभळीचा काटा, बोटाच्या पेराएवढा. दादा ओरडला, "थांबू नको, फिरव!" काटा ओढून काढायचा, भोक खाली येईल असं चाक फिरवायचं, म्हणजे आतलं सीलंट तिथे जमा होऊन घट्ट होतं. मी तसं केलं. पाच-सहा फेऱ्यांत फवाऱ्याची फुसफुस झाली, मग बुडबुडे, मग काहीच नाही. भोकाच्या जागी दह्याच्या कवडीसारखा एक पांढरा थेंब तेवढा राहिला. पंपाने थोडी हवा भरली आणि निघालो. साध्या ट्यूबचं चाक असतं तर अर्धा तास गेला असता आणि वर अंधार पडला असता.

चौथा दिवस: मौदा ते आंभोरा

माथनीच्या पुलावरून कन्हान ओलांडली आणि कुही तालुक्यात शिरलो. इथून मला भीती वाटायला लागली होती. रस्त्याची नव्हे, पुढे बघायचं होतं त्याची.

नाग नदी वाडीजवळच्या लाव्याच्या टेकड्यांतून निघते. अंबाझरी, सीताबर्डी, महाल असं करत 17 किलोमीटर शहराच्या पोटातून वाहते. शहराला नाव तिचंच. पुढे पिवळी नदी तिला मिळते आणि कुही तालुक्यात ती कन्हानला जाऊन मिळते. आम्ही ती एका छोट्या पुलावरून ओलांडली. पूल दिसायच्या आधी वास आला. पाणी काळपट राखाडी, वर साबणासारखा फेस, काठावरच्या झुडपांना प्लॅस्टिकच्या चिंध्या लटकलेल्या. तरी काठाला एक टिटवी फिरत होती. मी सायकल कठड्याला टेकवून उभी राहिले. हे माझ्या घरातलं पाणी होतं. अंघोळीचं, भांड्यांचं, संडासचं. तीन दिवसांपूर्वी याच्या वरच्या टोकाला मी हात बुडवला होता. इथे बुडवायची माझी हिंमत झाली नाही.

दादा म्हणाला, "चल." मी निघाले.

मांढळ जवळ आलं तशी हवा तिखट झाली. आधी नाक चुरचुरलं, मग खोकला. वळण घेतलं तर समोर मिरचीचा सातरा. एकरभर जमीन लाल. या पट्ट्यात, भिवापूर-कुही-मांढळ-पवनीकडे, हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत सातरे चालतात. वाळलेल्या मिरचीचे देठ खुडायला बायका रांगेने बसतात, तोंडाला ओढणी किंवा लुगड्याचा पदर बांधून. किलोवर मजुरी. भिवापूरच्या मिरचीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिचा रंग आणि तिखटपणा खरोखरच वेगळा आहे. मी एका काकूंजवळ बसले. त्यांची बोटं बघत राहिले. अंगठा आणि तर्जनी, एक हिसका, देठ इकडे, मिरची तिकडे, नजर वर न करता. मी पाच मिनिटं करून बघितलं. रात्री झोपताना नखांच्या कडा जळत होत्या. "सवय होते का?" मी विचारलं. काकू म्हणाल्या, "हाताले होते. लेकरू जवळ घेतलं का मंग समजते. ते रडते." त्या घरी गेल्यावर आधी हाताला तेल चोळतात, मग राखेने धुतात, मग बाळाला घेतात.

दुपारी वेलतूरला चहा, आणि साडेतीनला मामांच्या नव्या गावात. नवं म्हणजे पुनर्वसनाचं. सरळ रस्ते, एका मापाचे प्लॉट, पाण्याची टाकी, शाळा. जुन्या गावाचं नाव पाटीवर आहे. विदर्भात मामाने भाचीच्या पाया पडायची रीत. मामी माझ्या पाया पडायला वाकल्या, मग दादाच्या. घामेजलेल्या, धुळीच्या पायांना त्यांचे हात लागले आणि मला काय बोलावं सुचेना. मीही वाकले, तेव्हा त्यांनी धरूनच उभं केलं.

घराचं दार मी लगेच ओळखलं. सागवानी चौकट, वर मधोमध कोरलेलं कमळ. गाव उठायच्या आधी मामांनी जुनं घर स्वतःच्या हातांनी उतरवलं होतं. कौलं, फाटे, मयाल, दारं. काही विकलं, पण चौकट विकली नाही. आता ती सिमेंटच्या भिंतीत बसवली आहे, आणि भिंतीपेक्षा उंच असल्याने दाराच्या वर भिंतीला एक टप्पा द्यावा लागला आहे.

मामा नदीकाठचे. उन्हाळ्यात वैनगंगेच्या रेतीत डांगरवाडी लावायचे. डांगर, टरबूज, काकडी. मे महिन्याच्या सुटीत आम्ही रेतीतच झोपायचो. प्यायला पाणी लागलं की मामी रेतीत हाताने झिरा उकरायच्या. आधी गढूळ, मग वाटीने उपसत राहायचं, आणि हळूहळू काचेसारखं पाणी भरायचं. ती चव माझ्या तोंडात अजून आहे. गोसीखुर्दचं पाणी चढलं तेव्हा रेती गेली, डांगरवाडी गेली, झिरा गेला. मोबदला तुकड्या-तुकड्यांत आला, आणि शेवटचा तुकडा येईपर्यंत शेतीचे भाव मामांच्या आवाक्याबाहेर गेले होते. आता दोन एकर कोरडवाहू.

मामींनी पाणी दिलं ते निळ्या कॅनमधलं, विकतचं. समोर नजर जाईल तिथवर पाणी आहे आणि प्यायला कॅन. मी काही विचारलं नाही, पण त्यांना समजलं असावं. "इथलं नाही पीत आम्ही," त्या म्हणाल्या, "वास येते. तुमच्या इकडलंच येते ना ते." आवाजात राग नव्हता. पाऊस पडला, गाय व्याली, तसं सांगितलं. मला त्यांनी रागावलेलं चाललं असतं.

संध्याकाळी मामांसोबत आंभोऱ्याला गेलो, ते दुचाकीवर, आम्ही सायकलवर. टेकडीवर चैतन्येश्वर. वैनगंगा, कन्हान, आम, मुर्झा आणि कोलारी अशा पाच नद्यांचा हा संगम. मुकुंदराजांनी विवेकसिंधू इथेच लिहिला, अशी इथल्या माणसांची श्रद्धा आहे. ग्रंथाचा काळ शके 1110, म्हणजे 1188. मराठीचा आरंभ आपल्या गावाजवळ झाला हे मामा लहानपणी अभिमानाने सांगायचे, आजही सांगितलं. नवा पूल जानेवारी 2024 मध्ये सुरू झाला. उंच मनोरा, तारांचे पंखे, वर गॅलरी. पूर्वी डोंग्याने पलीकडे जायचो. पुलावरून मामांनी एका दिशेला बोट केलं. "तिकडे. ते झाडाचं टोक दिसते ना, त्याच्या पुढं आपलं घर." झाडाचं टोक मला दिसलं. काठाकाठाने जलपर्णीचा हिरवा पट्टा पसरला होता, त्यात ढिवरांचे दोन डोंगे अडकल्यासारखे उभे. ऊन तिरपं झालं, पाणी सोनेरी झालं. वरून ते इतकं सुंदर दिसत होतं की मला त्याचा त्रास झाला.

पाचवा दिवस: आंभोरा ते पवनी

पूल ओलांडून भंडारा जिल्हा. धान निघालेल्या बांध्यांत लाखोळी वर आली होती, निळ्या फुलांचा बारीक सडा पडल्यासारखी. अड्याळकडे जाणारे पांदण रस्ते ओलसर होते. माती टायरला चिकटून फ्रेममध्ये भरली. काडीने खरवडत दोन किलोमीटर चालावं लागलं.

धरणाजवळ एका मोठ्या गिट्टीच्या धारेने दादाच्या पुढच्या टायरची बाजू फाटली. अशा फाटीला सीलंट पुरत नाही. आतून टूथपेस्टच्या रिकाम्या नळीचा तुकडा लावला, ट्यूब घातली, पण दर चार किलोमीटरला तिथे फुगा येत होता. गावातल्या एका सायकल दुरुस्तीवाल्या काकांनी तो बघितला आणि न बोलता जुन्या टायरचा तुकडा कापून, कडा घासून पातळ करून आतून बसवला. वीस रुपये घेतले. त्या तुकड्यावर सायकल नागपूरपर्यंत आली.

गोसीखुर्दचं भूमिपूजन 22 एप्रिल 1988 ला राजीव गांधींच्या हस्ते झालं. भिंत 11 किलोमीटरहून लांब, दरवाजे 33. जवळून ते आकाराने दडपून टाकतात. मला त्या भिंतीवर राग काढायचा होता. पण खालच्या बाजूला एका शेतकऱ्याशी बोलणं झालं. पूर्वी त्यांचं एकच धान व्हायचं, तेही पावसाच्या भरवशावर. आता नहरेवर उन्हाळी धान होतं आणि मुलगी नर्सिंगला शिकते. त्यांचंही खरं आणि मामांचंही. मामांच्या गावाने जे दिलं ते यांच्या शेतात पोचलं, हे मी मामांना फोन करून सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "चांगलं आहे. त्याले सांग, पाणी जपून वापर." आणि जपून वापरायचंच, तर आधी आम्ही शहरवाल्यांनी. पाणी देणाऱ्या गावाला आम्ही निदान आमची घाण तरी पाठवू नये. त्याहून कमी काही मागणं मला जमत नाही.

संध्याकाळी पवनी. विदर्भाची काशी म्हणतात तिला. जगन्नाथ टेकडीवर 1969-70 च्या उत्खननात बौद्ध स्तूप सापडला. आम्ही घाटावर पाय सोडून बसलो आणि दुसरं काही केलं नाही.

सहावा दिवस: पवनी ते नागपूर

92 किलोमीटर, बहुतेक डांबर. निलज, भिवापूर, उमरेड. कडेने उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य. 2012 मध्ये झालेलं, 189 चौरस किलोमीटरचं. नागझिऱ्यातून चालत इथे आलेला जय नावाचा वाघ 2016 पासून दिसला नाही. इथल्या चहाच्या टपरीवर अजूनही त्याच्याबद्दल घरच्या माणसासारखं बोलतात. नागभीडची छोटी गाडी 2019 मध्ये बंद झाली आणि मोठ्या रुळांचं काम सुरू झालं. लहानपणी आम्ही त्याच गाडीने भिवापूरपर्यंत यायचो. उमरेडनंतर कोळशाचे ट्रक, म्हणून शेवटचे तीस किलोमीटर एकामागे एक, न बोलता.

घरी पोचलो तेव्हा सात वाजले होते. आईने विचारायच्या आत मी सायकलच्या पिशवीतून मामींनी दिलेला स्टीलचा डबा काढला. झाकणाला कापडाची पट्टी बांधलेली, तरी पिशवीभर मिरचीचा वास. भिवापुरी तिखट आणि वर कागदात लाखोळीची डाळ. तेवढ्यात मामींचा फोन आला.

"पोचले का नीट?"

"पोचलो, मामी."

"बरं. डबा राहू दे तिकडंच. उन्हाळ्यात येशील तेव्हा आण. आणि येताना तुझ्या घरचं दोन कॅन पाणी आण, मामाले पाजीन म्हणते."

मी हो म्हटलं. दादा अंगणात सायकली धुवायला नळ सोडणार होता. मी त्याला थांबवलं, एक बादली भरली आणि जुनं फडकं दिलं.